नवी काच, जुनी नजर

मोटारीच्या पुढच्या काचेविषयी लेख लिहावा असे एके काळी तिच्यात काहीच नव्हते. वारा, पाऊस आणि धूळ बाहेर ठेवावी, रस्ता तेवढा आत येऊ द्यावा, हे तिचे काम. ॲम्बॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या जमान्यात ती रबराच्या पट्टीत अडकवलेली असे. काच फुटली की नाक्यावरचा मिस्त्री रबराच्या खाचेत दोरी घाली, ती हळूहळू ओढीत नवी काच चौकटीत बसवी आणि तळहाताने चार थापा मारून गाडी मालकाच्या स्वाधीन करी. मालक आत बसून पाही, रस्ता स्वच्छ दिसे आणि व्यवहार पुरा होई. काचेत काही उणे असेल तर ते मालकाच्याच डोळ्यांना प्रथम जाणवे, कारण त्या काचेतून पाहणारा दुसरा कुणी नव्हताच.

आता त्या काचेमागे आणखी एक डोळा येऊन बसला आहे. तो जे पाहतो ते थेट ब्रेकला आणि स्टिअरिंगला कळवतो. काच बदलताना या डोळ्याचे काय होते, हा प्रश्न आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. तो विचारण्याजोगा आहे, इतकेच नव्हे तर निकडीचा आहे, असे माझे मत झाले आहे.

आमच्या वसईकडील धर्मग्रामांत नवी गाडी घेतली की ती चर्चच्या आवारात आणून तिच्यावर आशीर्वाद मागण्याची रीत आहे. पूर्वी प्रार्थना संपली, पवित्र पाणी शिंपडून झाले की मालक कौतुकाने गाडीचा रंग दाखवी, किंवा ती एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते ते सांगे. गेल्या चारपाच वर्षांत कौतुकाचा विषय बदलला. "फादर, पुढे कुणी आलं तर ही गाडी आपोआप ब्रेक लावते," असे सांगणारी तरुण मंडळी आता भेटतात. २०२१ साली आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० आणि एमजीच्या ॲस्टर या गाड्यांनी ही सोय मध्यमवर्गाच्या आवाक्याजवळ आणली. पाठोपाठ होंडा, ह्युंदाई, किया, टाटा यांच्या काही गाड्यांतही ती आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एडास' म्हणतात. चालकाला साहाय्य करणारी प्रणाली, एवढाच त्याचा अर्थ. 'साहाय्य' हा शब्द मात्र नीट लक्षात ठेवावा. गाडी चालवण्याची जबाबदारी शेवटपर्यंत चालकाचीच असते.

या प्रणालीचा मुख्य डोळा म्हणजे आरशाच्या वर, काचेच्या आतील बाजूस बसवलेला एक लहानसा कॅमेरा. रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे, पुढची वाहने, दुचाकीस्वार, पायी चालणारी माणसे, काही गाड्यांत तर वेगमर्यादेच्या पाट्याही तो ओळखतो. बऱ्याच गाड्यांत बंपरजवळ किंवा जाळीमागे एक रडारही असते. पुढची वस्तू किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येत आहे ते रडार चांगले सांगते. ती वस्तू म्हणजे बस, सायकल की माणूस, आणि ती आपल्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हे कॅमेरा सांगतो. दोघांच्या साक्षीवरून गाडीचा संगणक निर्णय घेतो: इशारा द्यावा, स्टिअरिंग किंचित वळवावे, की ब्रेक दाबावा.

हा डोळा ज्या काचेमागे बसतो ती काचही साधी नव्हे. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा एक पडदा घालून ती बनवतात. अशा काचेचे श्रेय एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच कलावंत-रसायनज्ञाला दिले जाते. १९०३ साली त्याच्या प्रयोगशाळेत एक काचपात्र खाली पडले. ते तडकले, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत. आत पूर्वी ठेवलेले सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण सुकून त्याचा पापुद्रा काचेला चिकटून राहिला होता, तोच तुकडे धरून बसला होता, अशी कथा सांगतात. त्या सूत्रावर त्याने १९०९ साली पेटंट घेतले. आज आपल्या गाडीवर दगड आपटला तरी काचेच्या सुऱ्या चेहऱ्यावर येत नाहीत, याचे मूळ त्या पडलेल्या काचपात्रात आहे. शिवाय ही काच आता रबरात अडकवलेली नसते. ती पॉलियुरेथेनच्या जाड, चिकट द्रव्याने गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते आणि सांगाड्याला बळकटी देण्यात तिचाही वाटा असतो. हे द्रव्य पुरते घट्ट होण्यास ठराविक वेळ जावा लागतो. म्हणून काच बसवल्याबरोबर गाडी पळवू नये असे सांगतात.

आता माझ्या पुतण्याची हकिकत सांगतो. तो वसईत राहतो. बोईसरच्या एका कारखान्यात नोकरीस असल्यामुळे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर त्याची गाडी नेहमीच असते. एका सकाळी मनोरच्या अलीकडे पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि काचेवर तांदळाच्या दाण्याएवढा डाग पडला. असा डाग लहान असेल, आणि चालकाच्या व कॅमेऱ्याच्या नजरेसमोर नसेल, तर त्यात रेझिन भरून काच वाचवता येते. परंतु हा डाग कॅमेऱ्याच्या अगदी खाली होता. चारपाच दिवसांनी भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत त्याने वातानुकूलन सुरू केले मात्र, त्या डागातून एक भेग निघाली आणि बघता बघता हातभर लांब झाली. विमा होता. गॅरेजमध्ये शुक्रवारी नवी काच बसली आणि संध्याकाळी गाडी घरी आली. रविवारी पुण्याला नात्यातल्या एका बाळाचा बाप्तिस्मा होता. पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी असे तिघे त्याच गाडीने द्रुतगती मार्गावरून जाणार होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आमची सूनबाई एका चष्म्याच्या दुकानात काम करते. ताटे वाढता वाढता तिने सहज विचारले, "काच बसवली ते ठीक, पण त्या कॅमेऱ्याचं काय केलं?"

"काय करायचं त्याचं? जुन्या काचेवरून काढला, नव्या काचेवर लावला."

"मोजून लावला का?"

पुतण्याने गॅरेजला फोन केला. पलीकडून उत्तर आले, "डॅशबोर्डवर दिवा पेटलाय का? नाही ना? मग सगळं ठीक आहे."

पुतण्याचे समाधान झाले, सूनबाईचे झाले नाही. ती म्हणाली, "फादरकाका, आम्ही चष्मा करतो तेव्हा आधी गिऱ्हाइकाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजतो. काचेचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यावा लागतो. तो दोनतीन मिलिमीटर सरकला, तर नंबर अगदी बरोबर असूनसुद्धा चष्मा चुकतो. डोकं दुखायला लागतं. पण गिऱ्हाईक निदान दोन दिवसांनी तक्रार घेऊन परत येतं. हा कॅमेरा काही तक्रार करणार आहे का?"

एखाद्या अभियंत्याने सांगावे तितक्या नेमकेपणाने तिने प्रश्नाचे मर्म सांगितले होते. कॅमेऱ्याची तार सुटली किंवा तो बंद पडला, तर गाडी ते जाणते आणि दिवा पेटवते. काही गाड्या कॅमेरा काढल्याची नोंदही ठेवतात. परंतु कॅमेरा चालू आहे, चित्र स्पष्ट आहे, फक्त त्याची दिशा किंचित ढळली आहे, ही गोष्ट गाडीला दर वेळी कळेलच असे नाही. कॅमेऱ्याच्या स्मरणात जुन्या काचेच्या वेळची सरळ रेषा असते. नव्या काचेवरचा आधार केसभर तिरका चिकटलेला असेल, काचेची वक्रता किंवा जाडी किंचित निराळी असेल, तरी तो जुन्याच रेषेला सरळ समजून निर्णय देत राहतो. तो आंधळा झालेला नसतो. त्याला सारे दिसते, पण जागच्या जागी दिसत नाही. दिवा पेटत नाही याचा अर्थ एवढाच की गाडीला स्वतःत काही दोष सापडलेला नाही.

पुतण्याची अडचणही खोटी नव्हती. ही जुळणी, म्हणजे ज्याला कॅलिब्रेशन म्हणतात ती, करण्याची साधने त्या गॅरेजमध्ये नव्हती. जिथे होती तिथे पुढच्या आठवड्याची तारीख मिळत होती. "शेवटी गाडी मीच चालवणार आहे ना? डोळे माझे उघडेच असतील. वाटलं तर ते सगळं बटण दाबून बंद करतो," असे तो म्हणाला. त्यावर सूनबाईने गाडीची माहितीपुस्तिका आणून पुढे ठेवली. आपोआप ब्रेक लावण्याची सोय बंद केली तरी गाडी पुन्हा सुरू करताना ती आपसूक चालू होते, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. "चहाला थांबून परत निघताना तुम्ही विसरलात तर? आणि घाटात मागे ट्रक असताना हिने उगाच ब्रेक मारला तर?" असे विचारून ती गप्प बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला जायचं तर जा. मुलीला घेऊन मी या गाडीत बसणार नाही."

माझे मत विचारण्यात आले. मी सूनबाईच्या बाजूने कौल दिला. घरात थोडा वेळ अबोला झाला. मग शनिवारी सकाळी पुतण्याने शेजाऱ्यांची दहाबारा वर्षांची जुनी गाडी मागून आणली आणि रविवारी पहाटे सर्व मंडळी तीतून पुण्याला गेली. त्या गाडीत कॅमेरा नव्हता, रडार नव्हते. ती केवळ चालकाच्या डोळ्यांवर चालत होती, आणि ते डोळे कुणी जागचे हलवलेले नव्हते.

किंचित तिरकेपणाने असे काय मोठे बिघडते, असे कुणाला वाटेल. आमच्या वाडवळीत वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. केळीची लावणी करताना बागेच्या दोन टोकांना खुंट ठोकून दोरी ताणतात. पहिल्या खुंटाशी दोरी बोटभर सरकली तर पहिल्या दोनचार झाडांना काही कळत नाही, परंतु ओळ जसजशी लांबते तसतशी ती शेजारच्या ओळीत शिरू लागते. कॅमेऱ्याचे असेच आहे. त्याची दिशा एका अंशाने ढळली तर शंभर मीटर अंतरावर ती चूक जवळजवळ पावणेदोन मीटरची होते. हा साधा भूमितीचा हिशेब आहे. आपल्या महामार्गावरील एक लेन साधारणतः साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे एका अंशाची चूक म्हणजे अर्धी लेन! अर्ध्या अंशाची चूक घेतली तरी पन्नास मीटरवर ती जवळजवळ एक हात भरते, आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस व गाडीची वाट यांच्यात पुष्कळदा तेवढेच अंतर असते. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ते शंभर मीटर अंतर पावणेचार सेकंदांच्या आत तोडते.

दिशा डावी-उजवीकडे ढळली तर शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्या पुढ्यात असल्यासारखा भासेल आणि गाडी विनाकारण ब्रेक लावील, किंवा जो खरोखर पुढ्यात आहे तो बाजूला असल्यासारखा भासेल आणि ब्रेक उशिरा लागेल. दिशा वर-खाली ढळली तर अंतराचा अंदाज चुकतो. एकच डोळा असलेला कॅमेरा बऱ्याच अंशी असा हिशेब करतो की पुढच्या वाहनाची चाके चित्रात रस्त्याला जिथे टेकलेली दिसतात, ती जागा जितकी खाली तितके वाहन जवळ. नजर थोडी वर गेली की ती जागा चित्रात खाली सरकते, आणि नजर खाली झुकली की वर चढते. दोन्ही वेळा गाडी खरी होती तिथेच असते.

पुढच्या आठवड्यात जुळणीसाठी पुतण्या निघाला तेव्हा कुतूहलाने मीही त्याच्याबरोबर गेलो. मुंबईच्या एका उपनगरातले ते वर्कशॉप होते. यंत्र लावतील, बटण दाबतील आणि पाच मिनिटांत मोकळे करतील, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दोन तासांहून अधिक वेळ लागला, आणि त्यातला बहुतेक वेळ संगणकावर नव्हे तर मोजमापात गेला. प्रथम चारही चाकांतील हवा तपासली. मग डिकी उघडायला लावली. तीत आमच्या गायकवृंदाचा स्पीकर आणि तांदळाची एक गोणी होती. ती दोन्ही बाहेर काढण्यात आली, कारण मागे वजन असले की गाडीचे नाक उचलले जाते आणि कॅमेरा तितकाच वर पाहू लागतो. जमीन पाण्याच्या पातळीइतकी सपाट हवी. समोर लखलखणारा दिवा किंवा उन्हाची तिरीप नको. काच कॅमेऱ्यासमोर निर्मळ हवी. चाके सरळ हवीत.

त्यानंतर त्या तरुण तंत्रज्ञाने जे साधन काढले ते पाहून मला मौज वाटली. तो ओळंबा होता! गवंडी भिंत उभी आहे की कलली ते पाहण्यासाठी जो वापरतो, तोच. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बोधचिन्हांच्या मध्यावरून ओळंबा सोडून त्याने जमिनीवर दोन खुणा केल्या, त्या खुणांना धरून दोरी पुढे ताणली आणि त्या रेषेवर, कंपनीने ठरवून दिलेल्या अंतरावर व उंचीवर, बुद्धिबळाच्या पटासारखा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा एक फलक उभा केला. लेझरची लाल रेघ टाकून त्याने पुन्हा खात्री केली. मग गाडीला यंत्र जोडून कॅमेऱ्याला जणू सांगण्यात आले: समोर जे दिसते ते अमुक अंतरावर, बरोबर मध्यावर आहे, तुझी नजर त्याप्रमाणे जुळवून घे. कॅमेऱ्याने ती जुळवून घेण्यास काही मिनिटेच लागली.

ही झाली उभ्या गाडीची जुळणी. काही कंपन्यांच्या गाड्यांना एवढी पुरते. काहींना ती लागतच नाही, त्याऐवजी यंत्र जोडून गाडी ठराविक वेगाने रस्त्यावर चालवावी लागते आणि कॅमेरा रस्त्यावरचे पट्टे पाहून स्वतःची रेषा ठरवतो. काहींना दोन्ही लागतात. आमच्या गाडीला दोन्ही लागत होत्या. दुसऱ्या भागात खरी परीक्षा आपल्या रस्त्यांची होते. पट्टे स्पष्ट हवेत, वाहतूक एकसारखी चालू हवी, पाऊस नको. पहिल्या रस्त्यावर पट्टे इतके पुसट होते की यंत्र "प्रतीक्षा करा" एवढेच सांगत राहिले. तंत्रज्ञ न कंटाळता म्हणाला, "फादर, दुसरा रस्ता बघू. घाई केली तर हे मान्य करणार नाही." शेवटी महामार्गाच्या नव्याने रंगवलेल्या एका तुकड्यावर काम पूर्ण झाले, आणि यंत्राने तसा दाखला दिला. त्याची छापील प्रत पुतण्याने मागून घेतली.

परतीच्या वाटेवर एक गंमत झाली. जुन्या काचेबरोबर तिच्यावरचा फास्टॅगही फाटून गेला होता. तो उपटून पुन्हा लावता येत नाही, बँकेकडून नवा घ्यावा लागतो. तो यायचा होता, म्हणून टोलनाक्यावर आम्हाला थांबवण्यात आले आणि जास्तीचे पैसे मोजावे लागले. पुतण्या थोडा वैतागला. माझ्या मनात मात्र आले की टोल चुकू नये म्हणून नाक्यानाक्यावर पहारा आहे. काच बदललेल्या गाडीचा कॅमेरा सरळ पाहतो की नाही, हे विचारणारे नाके मात्र कुठेच नाहीत. ते विचारणारी एक सूनबाई होती, म्हणून आमच्या घरात तो प्रश्न निघाला.

ज्या गॅरेजने जुळणी न करता गाडी परत दिली, त्याला दोष देणे सोपे आहे. त्याने जे केले ते गैरच होते. निदान "ही सोय आमच्याकडे नाही, ती दुसरीकडून करून घ्या, तोवर या साहाय्यावर विसंबू नका," एवढे सांगणे त्याचे कर्तव्य होते. परंतु त्याची बाजूही समजून घ्यावी. काच बसवणारे हात कुशल असतात, पण त्यांचे कौशल्य काच, द्रव्य आणि चौकट यांचे आहे. जुळणीसाठी सपाट, मोकळी, पुरेशी लांब जागा लागते, महाग यंत्रे लागतात, प्रत्येक कंपनीची निराळी कृती माहीत असलेला माणूस लागतो. गिऱ्हाईक तर घाईत असते. ते काचेची किंमत विचारते, गाडी कधी मिळेल ते विचारते, आणि जुळणीचे पैसे वेगळे म्हटले की कपाळाला आठ्या घालते. जी गोष्ट कुणी मागत नाही आणि जिच्या अभावाने कोणताही दिवा पेटत नाही, ती गोष्ट दुकानातून हळूहळू नाहीशी होते. ती परत आणायची असेल तर आधी मागणाऱ्यांनी मागायला हवी.

मागावी ती तरी कुणासाठी? स्वतःच्या कुटुंबासाठी तर खरीच. परंतु मला त्याहून अधिक आठवण होते ती रस्त्यावरच्या इतर माणसांची. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यांत पायी चालणाऱ्यांची संख्या बत्तीस हजारांहून अधिक होती. त्या मृत्यूंची कारणे अनेक आहेत. तिरक्या कॅमेऱ्यावर मी ती लादू इच्छित नाही. मला म्हणायचे आहे ते इतकेच की हे साहाय्य ज्यांच्या रक्षणासाठी निघाले, त्यांत ही माणसे आहेत. पहाटे भाजीची टोपली डोक्यावर घेऊन महामार्ग ओलांडणारी बाई, पाळी संपवून सायकलने घरी जाणारा कामगार, शाळेच्या वाटेवरची मुले, यांनी ती गाडी घेतलेली नाही. तिच्यात कॅमेरा आहे हेही त्यांना ठाऊक नाही. त्याची नजर ढळलेली असेल तर तिची किंमत मात्र त्यांनाही मोजावी लागू शकते. म्हणून हा खर्च गाडीच्या हौसेचा आहे असे मला वाटत नाही. ब्रेक दुरुस्त करण्याचा खर्च ज्या सदरात आपण घालतो, त्याच सदरात तो घालावा.

हा प्रश्न दिवसेंदिवस वाढणारच आहे. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना आपोआप ब्रेक लावण्याची आणि लेन सांभाळण्याची सोय सक्तीची झाली आहे. आपल्याकडेही ती सोय असलेल्या गाड्या वाढत आहेत, आणि आज नव्या असलेल्या गाड्या उद्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जातील. त्या मालकाला काच कधी बदलली, जुळणी झाली की नाही, हे कोण सांगणार? पुतण्याने दाखल्याची प्रत मागून घेतली ती म्हणूनच मला आवडली. ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर राहील आणि गाडीबरोबर पुढे जाईल.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. काच बदलण्याचे ठरले की कामाचा अंदाजखर्च लिहून घेतानाच त्यात कॅलिब्रेशनची ओळ आहे की नाही ते पाहावे, आणि विमा कंपनीशी बोलतानाही तो विषय तेव्हाच काढावा. आपल्या गाडीला कोणती जुळणी लागते, उभ्याने, चालवून की दोन्ही, ते माहितीपुस्तिकेवरून किंवा कंपनीच्या केंद्राकडून जाणून घ्यावे. कॅमेऱ्याच्या आधारासह, त्याच गाडीसाठी बनवलेली काच घ्यावी. चार पैसे वाचवण्यासाठी त्यात तडजोड करू नये. काचेखेरीज इतर कामांनंतरही, उदाहरणार्थ पुढून धक्का बसल्यावर किंवा सस्पेन्शनचे काम केल्यावर, जुळणी लागेल का, हे विचारावे. आणि ती होईपर्यंत त्या साहाय्याला गृहीत धरू नये.

धर्मगुरू म्हणून आणखी एक गोष्ट सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे. आपल्या कितीतरी गाड्यांत आरशाला जपमाळ टांगलेली असते, काचेवर संत क्रिस्तोफरचे चित्र चिकटवलेले असते. त्यामागची श्रद्धा मला प्रिय आहे. परंतु आरशाजवळची ती जागा आता त्या दुसऱ्या डोळ्याची आहे, आणि हेलकावे घेणारी माळ चालकाच्याही नजरेत येते. माळ खिशात किंवा शेजारच्या कप्प्यात ठेवावी. चित्र काचेपासून दूर, खाली लावावे. प्रवाशांचा तो पाठीराखा संत वाटसरूंना खांद्यावर घेऊन नदी पार करीत असे, अशी आपली परंपरा सांगते. त्याचे चित्र कॅमेऱ्याच्या आड आलेले त्यालाही आवडणार नाही.

राहिले आपले स्वतःचे डोळे. उत्तम जुळलेला कॅमेराही मुसळधार पावसात, धुक्यात किंवा मावळत्या सूर्याच्या तोंडावर गोंधळतो. आपल्या रस्त्यांवर उलट्या दिशेने येणारी दुचाकी किंवा दुभाजकातून अचानक पुढे येणारी गाय त्याला प्रत्येक वेळी वेळेत ओळखू येईलच असे नाही. म्हणून तो सरळ करून घ्यावा आणि तरीही रस्ता आपणच पाहावा. पुढच्या वेळी कुणी आशीर्वादासाठी गाडी आणली आणि ती आपोआप ब्रेक लावते असे मला कौतुकाने सांगितले, तर मी तिचे कौतुक अवश्य करीन. मग विचारीन, "काच कधी बदलली होती का?"